पिकत्या केसांचा उन्हाळा

मे लागला की विश्रांतवाडीतल्या आमच्या रस्त्यावर दोन गोष्टी एकदम बहरतात. एक बहावा आणि दुसरे क्लासवाल्यांचे फलक. बहाव्याची पिवळी झुंबरं वाऱ्यावर हलत असतात आणि त्यांच्या शेजारी, खांबांना बांधलेल्या फ्लेक्सवर, शिक्षक मंडळी हाताची घडी घालून उभी असतात. सगळ्यांचे दात सारखे, सगळ्यांची कातडी सारखी, कुणाच्याच कपाळावर एकही रेघ नाही. बारावीच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाच्या कपाळावर रेघ नसावी, हे इतकी वर्षं शिकवल्यावर मला जरा संशयास्पदच वाटतं.

यंदा भाजी घेऊन येताना सिग्नलला थांबले. ऊन डोक्यावर होतं. समोरच्या फलकावरचे चेहरे बघत बसले आणि काही वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवला. खरं तर तो दर वर्षीच आठवतो. थंडीची चाहूल लागली की काही जणांचा दमा उसळतो, तसा फलक लागले की माझा तो उन्हाळा उसळतो.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. क्लास थोरल्या सरांनी उभा केलेला. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा अनिरुद्ध सगळं बघायचा. हा अनिरुद्ध माझ्याच हाताखाली शिकलेला. हृदयाची आकृती काढताना डावा कप्पा डावीकडे काढायचा, आणि चूक दाखवली की 'मॅडम, डावा म्हणजे डावीकडेच असणार ना?' म्हणून वाद घालायचा. आता माझा पगार तो द्यायचा. चारचौघांत मी त्याला सर म्हणायचे, केबिनमध्ये अनिरुद्ध. तो मात्र दोन्हीकडे मला मॅडमच म्हणायचा, आणि ते मनापासून.

माझे केस अडतिशीतच पिकायला लागले होते. तेव्हापासून मी ते रंगवत आले. 'रंगवणं' हा शब्द मात्र मी घरात कधी काढला नाही. 'आज डोक्याचं करायचंय' एवढंच म्हणायचं, आणि सगळ्यांनी समजून घ्यायचं. रविवारी सकाळी जुना गाऊन, खांद्यावर विरलेला टॉवेल, काचेची वाटी, ब्रश, कपाळाला डाग पडू नये म्हणून कडेने खोबरेल. नाकात झोंबणारा तो वास. बाथरूमच्या फरशीवर एक काळा डाग कायमचा बसला होता, त्यावर मी बादली ठेवायचे. रंग वाळेपर्यंत दाराची बेल वाजली तर मी घरात नसायचे. माझा नवरा श्रीकांत दार उघडून सांगायचा, "ती बाहेर गेलीय." आणि मी आत पलंगावर, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, श्वास रोखून बसलेली.

श्रीकांतचे केस माझ्याआधी पांढरे झाले. त्याच वर्षी कंपनीत त्याला बढती मिळाली. "माणूस जबाबदार दिसायला लागला," असं त्याचे साहेब म्हणाले म्हणे. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो.

त्या मार्चमध्ये, नेहमीसारखाच रविवारी रंग लावला आणि सोमवारी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या फुगून बंद झालेल्या, कान लालभडक, मानेवर पुरळ, केसांच्या मुळांतून पाणी सुटलेलं. त्वचेच्या डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीसारख्या. त्यांनी सगळं नीट तपासलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं चाललं, पण आता तुमच्या शरीराने या रंगाशी वैर धरलंय. पुन्हा लावलात तर सूज घशापर्यंत जाऊ शकते. हा प्रयोग करायचा नाही."

"मेंदी?"

"नुसती मेंदी चालेल. पण काळी मेंदी म्हणून जी विकतात तीत हेच रसायन असतं."

नुसत्या मेंदीने पांढरे केस भगवे होतात. आमच्या इमारतीतले दोघे-तिघे सद्गृहस्थ तसे फिरायचे, आणि मुलं त्यांना मागून काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. मी डॉक्टरबाईंचं ऐकलं आणि घरी येऊन वाटी-ब्रश कचऱ्यात टाकला. मनात म्हटलं, एवढं काय त्यात, केसच तर आहेत.

एवढं काय त्यात, हे हळूहळू कळत गेलं. आधी भांगात एक बारीक पांढरी रेघ आली. मग ती दोन बोटं रुंद झाली. वरती पांढरं आणि खाली काळं, अशी मी उन्हाळाभर वावरले. केस 'पांढरा होतो' असं आपण म्हणतो, पण तसं होत नाही. मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी थकतात, थांबतात, आणि केस बिनरंगाचा उगवतो. कितीतरी वर्षं मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. आकृतीत ते फार सोपं दिसायचं.

उन्हाळ्यात पुण्यातल्या सगळ्या बायका दुचाकीवर तोंडाला ओढणी गुंडाळून फिरतात. फक्त डोळे दिसतात, त्यांवरही गॉगल. त्या गाठोड्यात वीस वर्षांची आणि साठ वर्षांची सारखीच. मला ते तेव्हा पहिल्यांदा सुखाचं वाटायला लागलं. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणायचा, "ताई, गाडी जरा पुढे घ्या." मग मी पैसे काढायला ओढणी सोडायचे, आणि तोच माणूस म्हणायचा, "सुट्टे असतील तर द्या आजी." ताई आणि आजी यांच्यामध्ये काकू नि मावशी अशी दोन स्टेशनं असतात, तिथे माझी गाडी बहुधा थांबलीच नाही. मी घाईघाईने ओढणी पुन्हा बांधायचे आणि निघायचे. आरशात मागे त्याला बघायचे. त्याला काहीच झालेलं नसायचं. तो पुढच्या ताईला गाडी पुढे घ्यायला सांगत असायचा.

वर्गात बारावीच्या मुलांची प्रवेशपरीक्षेची शेवटची तयारी चालू होती. पंखे गरम वारा फेकत होते, खिडक्यांना हिरवी जाळी लावली होती, आणि त्या हिरव्या उजेडात सगळी मुलं आजारी दिसायची. पुढच्या बाकावर तन्वी नावाची मुलगी बसायची. हुशार, नखं खायची सवय. एकदा तास संपल्यावर ती रेंगाळली.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मॅडम, आर यू ओके? म्हणजे... ट्रीटमेंट वगैरे चालू आहे का?"

"कसली ट्रीटमेंट?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतायत. माझ्या मावशीचं पण असंच एकदम झालं होतं. ती पण कुणाला काही सांगत नव्हती."

मला उमजायला वेळ लागला. मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, मी ठणठणीत आहे. केस रंगवायचे थांबवलेत, एवढंच."

"ओह." तिला हायसं वाटलेलं दिसलं. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी चेहऱ्यावर आलं. "पण का थांबवलेत?"

मी ॲलर्जीचं सांगितलं. तिने मान हलवली, दप्तर उचललं आणि गेली. आजारपणासाठी तिच्याकडे अश्रू होते. नुसत्या वयाचं काय करायचं, ते त्या पोरीला कळेना. आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात एक गृहस्थ मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला आले होते. हातात आमचं माहितीपत्रक. एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यातल्या फोटोकडे.

"याच का त्या मॅडम? फोटोत वेगळ्या दिसतात."

"याच," टेबलावरच्या मुलीने सांगितलं.

"नाही, म्हणजे सिलॅबस नवीन आलाय ना. अपडेटेड असतील ना?"

मी तिथेच उभी होते, पण ते माझ्याबद्दल माझ्यासमोर असं विचारत होते, जसं फ्रिजबद्दल विचारतात. म्हणून मीच म्हटलं, "अभ्यासक्रम बदललाय साहेब. हृदय अजून चारच कप्प्यांचं आहे."

गृहस्थ हसले. मुलाला त्यांनी समोरच्या क्लासमध्ये घातलं.

आई तेव्हा कसबा पेठेत माझ्या भावाकडे राहायची. भाऊ-वहिनी दिवसभर नोकरीला, आई पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत. खालून तांबट आळीची ठकठक येत असायची. एकोणऐंशी वर्षांची, ताठ, जिभेला धार. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि 'अजून पिकला नाही, उन्हाळा संपू दे' म्हणून ती ऑपरेशन पुढे ढकलत होती. आपल्या भाषेत आंबा पिकतो, केस पिकतात आणि मोतीबिंदूही पिकतो. कौतुक होतं ते मात्र एकट्या आंब्याचं.

मार्चनंतर मी बरेच दिवस तिच्याकडे फिरकलेच नव्हते, फोनवरच भागवत होते. एप्रिलच्या शेवटी कैऱ्या घेऊन गेले. दारात उभी राहिले तर आईने खिडकीतून मान वळवली.

"कोण आहे?"

"मी नीलू."

"उजेडात ये जरा." मी पुढे झाले. तिने डोळे बारीक केले. "हे काय करून घेतलंस?"

"काही केलं नाही आई. करायचं थांबवलं."

"मग कर परत."

"सूज येते. डॉक्टर नाही म्हणाल्या."

"थोडी सूज आली तर काय होतं? चार दिवसांत उतरते."

"घशाला आली तर जीव जाईल."

आई खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, पटलं. मग म्हणाली, "दुसरा डॉक्टर बघ."

मला हसू फुटलं. पण ती हसत नव्हती. तिचे स्वतःचे केस साठीपासूनच पांढरेशुभ्र, आणि त्यांना तिने कधी काही लावलं नव्हतं. मी तेच म्हटलं. "तू कुठे रंगवलेस कधी? मग मलाच का?"

"माझी गोष्ट वेगळी," ती म्हणाली. "मी वय सांगितलं की लोक म्हणतात, वाटत नाही हो. ते काय माझं तोंड बघून म्हणतात होय? तुला बघून म्हणतात. मुलगी अशी आहे म्हणजे आई काही फार म्हातारी नसणार. आता काय म्हणतील?" मग म्हणाली, "मुलीचे पिकलेले केस आईने बघायचे नसतात, नीलू. अजून मी आहे."

मी कैऱ्या तिथेच ठेवल्या आणि काहीतरी कारण काढून उठले. जिना उतरताना संताप आला होता. क्लासला मी तरुण हवी, कारण प्रवेश व्हायला हवेत. वर्गाला हवी, कारण म्हातारी बाई म्हणजे काहीतरी वाईट बातमी. आणि माझ्या आईला हवी, कारण मी तरुण दिसल्याशिवाय तिला तरुण राहता येत नाही. ज्याला मी इतकी वर्षं 'डोक्याचं करायचंय' म्हणत होते, ते जणू सार्वजनिक काम होतं. मी ते परस्पर बंद केलं होतं, आणि जो तो येऊन विचारत होता, का बंद केलं म्हणून.

श्रीकांत म्हणाला, "मला तर आवडतंय. शोभतात तुला."

"तुला काय जातंय म्हणायला," मी म्हटलं. त्याचा काही दोष नव्हता. पण त्याचे पांढरे केस त्याला शोभतात, असं कधी कुणाला म्हणावं लागलं नव्हतं. ते नुसते होते.

मेच्या सुरुवातीला नव्या वर्षाच्या फलकांसाठी फोटो काढायचे ठरले. क्लासच्या हॉलमध्ये पांढरा पडदा, मोठे दिवे, निळा कोट एका खुंटीवर. आम्ही सगळे शिक्षक तोच एक कोट आळीपाळीने घालायचो, मागून चिमटे लावून. माझी पाळी यायच्या आधी अनिरुद्धने मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा ना मॅडम. चहा सांगू?"

"नको. बोल."

"फोटोचंच. तो फोटोग्राफर म्हणतो, केस काळे करणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. चेहरा पण थोडा फ्रेश करून देतो. तुम्हाला काहीच करायचं नाही."

"आणि मुलं वर्गात आल्यावर?"

"तोपर्यंत ॲडमिशन झालेली असते," तो म्हणाला. त्यात काही दुष्टपणा नव्हता. तो व्यवहार सांगत होता.

"मग फोटोखाली बारीक अक्षरात छाप, चित्र केवळ दाखवण्यासाठी. बिस्किटाच्या पुड्यावर असतं तसं."

तो हसला, आणि मग हसणं सोडून त्याने डोळे चोळले. "मॅडम, मी तुमच्याकडे शिकलोय. मला तुमची किंमत माहितीये. पण समोर दोन नवीन क्लास आलेत. त्यांचे सगळे टीचर पंचविशीतले. मुलं त्यांचे व्हिडिओ बघतात, त्यांच्यासारखे बूट घेतात. पालक आधी फोटो बघतात, मग निकाल."

"थोरले सर टक्कल घेऊन उभे राहायचे फोटोत. लोक त्यांच्या पाया पडायचे."

"बाबांचं वेगळं होतं."

"काय वेगळं? काळ?"

"बाबा पुरुष होते," अनिरुद्ध म्हणाला, आणि लगेच खाली बघायला लागला. इतकं खरं आपल्या तोंडून जाईल असं बहुधा त्यालाही वाटलं नव्हतं.

बाहेर फोटोग्राफर कुणाला तरी सांगत होता, हनुवटी वर, थोडं स्माईल. शेवटी मी म्हटलं, "माझा फोटो असेल तर या केसांचा असेल."

"बघू," तो म्हणाला.

फलक लागले तेव्हा त्यावर मी नव्हते. दर वर्षी नव्या मुलांसाठी पहिलं मोफत व्याख्यान व्हायचं, हृदयाचं, ते माझं असायचं. कित्येक मुलं त्या एका व्याख्यानावर क्लासला यायची. ते त्या वर्षी रोहन या तरुण शिक्षकाला दिलं गेलं. माझ्यासाठी शंकानिरसनाची खोली ठेवली होती. मागची, जिन्याखालची. खोली चांगली होती, तिथे एसीसुद्धा होता. एवढी काळजी त्याने घेतली होती.

रोहन सत्तावीस वर्षांचा. लातूरकडून पुण्याला शिकायला आला आणि इथेच राहिला. मी त्याच्या व्याख्यानाला शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मनातल्या मनात इच्छा करत होते की त्याने चुकावं. तो चुकला नाही. छान शिकवलं त्याने. झडपांचा आवाज तोंडाने काढून दाखवला, पोरं खूश झाली. मला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

नंतर तो माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहाला आला. इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग आजूबाजूला बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली. ती टोपी तो कधीच काढायचा नाही, व्याख्यानातही नाही, मुलांना वाटायचं ती फॅशन आहे. पुढचे केस बरेच मागे गेले होते. टाळूवर तर दिव्याचा उजेड दिसत होता.

"मॅडम, तुम्ही बायोलॉजीच्या. खरं सांगा. हे थांबतं का?"

"घरात कुणाला आहे?"

"वडलांना. आजोबांना. सगळ्यांनाच."

त्याला शिकवायला मी लागत नव्हते, तोही हेच शिकवायचा.

"फ्लेक्सवरचे केस माझे नाहीत," तो म्हणाला. "अनिरुद्ध सरांनी टाकून घेतले. ते म्हणाले, टेन्शन घेऊ नको, अजून दोन-तीन वर्षं चालून जाईल." त्याने चहाचा घोट घेतला. "त्यानंतर काय, ते नाही बोलले."

सत्तावीस वर्षांचा मुलगा. त्याच्या वयाचा मला हेवा वाटत होता, आणि तो माझ्यासमोर बसून उरलेली वर्षं मोजत होता. माझं व्याख्यान घेतलं म्हणून त्याचा थोडा राग धरून ठेवला होता, तोही मग धरवेना. रागावायला माझ्यासमोर कुणीच उरलं नाही. ते फार वाईट असतं. टोपी डोक्यावर ठेवून तो क्लासकडे गेला, आणि मी विश्रांतवाडीच्या बसमध्ये खिडकीशी बसून सगळ्या रस्त्याने फलकावरची माणसं बघत आले. यातल्या किती जणांचे केस त्यांचे आहेत, किती जणांची कपाळं त्यांची आहेत, आणि प्रत्येकाला कुणीतरी किती वर्षं दिली आहेत, एवढाच विचार डोक्यात.

त्या जिन्याखालच्या खोलीत मी पुढचं वर्षभर शिकवलं. शंका घेऊन मुलं यायची, खूप यायची. पुढच्या वर्षी फोटोचा विषय पुन्हा निघायच्या आत मी क्लास सोडला. भांडण झालं नाही. अनिरुद्धने निरोपाला शाल दिली, आणि त्या समारंभाच्या फोटोत मात्र माझे केस होते तसे ठेवले. आता मी घरीच मोजक्या मुलांना शिकवते. बरं चाललंय.

पण तो उन्हाळा आठवायला लागला की गाडी शेवटी क्लासपाशी थांबत नाही. ती कसबा पेठेत जाते.

जूनमध्ये, हवा जरा निवल्यावर, आई ऑपरेशनला तयार झाली. भाऊ कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून मीच तिला घेऊन गेले. दवाखान्यात गर्दी होती. आम्ही दोघी बाकावर शेजारी बसलो होतो, दोन पिकलेली डोकी. एक तरुण परिचारिका फाईल घेऊन आली. तिने आमच्याकडे बघितलं, एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "दोघींपैकी पेशंट कोण?"

आई म्हणाली, "मी पेशंट. ही माझी मुलगी. हिचे डोळे चांगले आहेत. तुमचे एकदा तपासून घ्या."

ती मुलगी ओशाळून हसली आणि आईला हाताला धरून आत घेऊन गेली. जाताना आईने माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी बाहेर बसून राहिले, तिची पिशवी मांडीवर घेऊन. तिला त्या प्रश्नाचं किती लागलं असेल, याचाच विचार करत होते. मला लागलेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. थेंब कसे घालायचे, पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, सगळं समजावून आम्हाला घरी पाठवलं. रिक्षात आई काळा चष्मा लावून बसली होती. घरी आल्यावर मी पडदे ओढले आणि तिने चष्मा काढला. आधी वर बघितलं.

"पंखा किती मळलाय."

मग भिंतीकडे. "भिंत पांढरी आहे होय? मी पिवळी समजत होते." मग तिने स्वतःचे हात समोर धरले, उलटसुलट करून बघितले, जणू कुणा दुसऱ्याचे हात तिच्याकडे ठेवायला दिले होते. भिंतीवरच्या आरशापाशी गेली. मी मागे उभी होते. पुष्कळ वेळ ती आरशात बघत राहिली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मला कुणी बोललंच नाही."

मी तिला पलंगावर आणून बसवलं. थेंब घालायची वेळ झाली होती. बाटली उघडून मी तिच्यावर वाकले, तसा तिने माझा हात धरला.

"थांब. आधी बघू दे."

इतक्या जवळून, इतक्या स्वच्छ डोळ्याने, तिने मला कितीतरी वर्षांनी बघितलं असेल. तिचं बोट माझ्या डोळ्याच्या कडेला आलं.

"ह्या कधी आल्या?"

"बरीच वर्षं झाली, आई."

"आणि गळ्यावरचं हे?"

"तेही."

"मला वाटत होतं, नुसते केसच." बोट तिथेच होतं. "सांगायचं नाही का मला?"

"काय सांगायचं? आणि तूच म्हणत होतीस ना, रंगव म्हणून. मुलीचे पिकलेले केस आईने बघायचे नसतात म्हणून."

"मी म्हणेन काहीही. मला दिसत होतं का काही?" ती नेहमीच्याच तिखट आवाजात म्हणाली. मग आवाज उतरला. खाली आळीत कुणीतरी भांडं ठोकत होतं. ते थांबेपर्यंत ती थांबली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, या घरात मी एकटीच म्हातारी होतेय. सांगितलं असतंस, तर सोबत झाली असती."